सातपूरची दोन दिवसांची नेतृत्व कार्यशाळा: पैसे वसूल होतात ते दुसऱ्या दिवशी

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक पट्ट्यात हल्ली नेतृत्व आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळांचे फलक बारा महिने दिसतात. त्यातल्याच एका दोन दिवसांच्या कार्यशाळेचं हे परीक्षण आहे. विषय होता 'हातातला अधिकार नीट कसा वापरावा'. फी ५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे माणशी ५,९००. त्यात दोन वेळचा चहा, दुपारचं जेवण, एक छापील वही आणि महिन्याभरानंतरचा एक व्हिडिओ कॉल. वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. एका बॅचला २४ जण घेतात. बहुतेक जण कारखान्यांतले सुपरवायझर आणि लाईन लीडर. बाकी लहान वर्कशॉपचे मालक, दिंडोरी-निफाडकडचे शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि बचत गटांच्या अध्यक्षा. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. याच साच्यातल्या कार्यशाळा शहरात बऱ्याच ठिकाणी चालतात आणि इथे लावलेली फूटपट्टी त्यातल्या कुठल्याही कार्यशाळेला लावून बघता येईल.

फूटपट्टी एकच आहे. खालच्या माणसाच्या लक्षात आलेली वाईट बातमी वरच्या माणसापर्यंत किती वेळात पोचते, आणि वाटेत तिच्यातलं काय काय गळतं? अधिकार चांगला वापरला जातोय की वाईट, हे कळायला याहून सोपं माप नाही. साहेब मनानं कितीही चांगला असो, रिजेक्शन झालेला माल डिस्पॅचला गेल्यावर त्याला कळत असेल, तर त्याच्या हाताखालच्यांना खरं बोलणं परवडत नाही, असाच त्याचा अर्थ. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९९ साली एका उत्पादक कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास मांडला होता. चूक कबूल केली, शंका विचारली म्हणून आपली फजिती होणार नाही, अशी खात्री ज्या टीममध्ये होती त्या टीम जास्त शिकत होत्या आणि त्यांचं कामही सरस होतं. कार्यशाळेतून परतलेल्या माणसाला ही खात्री आपल्या लाईनवर तयार करता येते का, एवढंच इथे तपासायचं आहे.

पहिल्या दिवसाची सकाळ चांगली जाते. अधिकार कुठून कुठून येतो याची जुनी, अजूनही उपयोगी पडणारी मांडणी फ्रेंच आणि रेव्हन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये केली: पदाचा अधिकार, बक्षिसाचा, शिक्षेचा, जाणकारीचा आणि आपलेपणाचा. माहितीचा सहावा प्रकार रेव्हननी पुढे १९६५ मध्ये जोडला. प्रशिक्षक प्रत्येकाला १० बिल्ले देतात आणि सांगतात, गेल्या आठवड्यात कामं करून घेताना तुम्ही यातलं काय वापरलंत, त्या प्रमाणात बिल्ले मांडा. पद आणि शिक्षा या दोन खान्यांत ढीग होतो. मग प्रश्न येतो, 'उद्या पद गेलं, तर यातले किती बिल्ले तुमच्याकडे राहतील?' खोली गप्प होते. ही शांतता प्रशिक्षक भरून काढत नाहीत, हे त्यांचं कसब.

आपल्याकडच्या सुपरवायझरची अडचण या खेळात नेमकी दिसते. पगारवाढ त्याच्या हातात नाही, कायम करणं त्याच्या हातात नाही, अर्धीअधिक माणसं ठेकेदाराची. बक्षीस म्हणून त्याच्याकडे उरतं काय, तर ओव्हरटाईम कुणाला द्यायचा, सुट्टी कुणाची मंजूर करायची आणि रात्रपाळी कुणाच्या गळ्यात घालायची. मग हात आपोआप शिक्षेकडे जातो: उद्यापासून येऊ नको, ठेकेदाराला सांगतो. शिक्षेची गोम अशी की नजर असेपर्यंतच ती चालते, आणि ती चुकवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चूक लपवणं. शिक्षेवर चालणाऱ्या लाईनवर चुका तेवढ्याच होतात, त्या फक्त उशिरा दिसतात.

जाणकारीच्या अधिकारासाठी द्राक्षबागेतल्या गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या, टोळीचं उदाहरण घेतलं, तेही चपखल. मुकादमाकडे उचल, म्हणजे मजुरांना आगाऊ द्यायचे पैसे, असते, म्हणजे बक्षीस आणि शिक्षा दोन्ही त्याच्याच खिशात. तरी बागेत वाद झाला की मजूर बघतात ते काडीवर कितव्या डोळ्यावर कात्री लावायची हे ज्याला कळतं त्याच्याकडे, मग तो टोळीतला सर्वांत तरुण पोरगा का असेना. शहाणा मुकादम त्या पोराला पुढे करतो. त्यानं आपलं वजन कमी होत नाही, हे त्याला ठाऊक असतं.

दुपारनंतर मात्र दर्जा घसरतो. कमरेवर हात ठेवून, छाती काढून दोन मिनिटं उभं राहा, अंगातली रसायनं बदलतात आणि माणूस आतून बलवान होतो, असं ठासून सांगतात आणि सगळ्यांना उभं करतात. हा दावा २०१० साली ४२ जणांवर केलेल्या एका प्रयोगातून आला. २०१५ मध्ये २०० जणांवर तोच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा हार्मोनमध्ये असा बदल आढळला नाही, आणि मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनी २०१६ मध्ये, आपला यावर आता विश्वास नाही, असं जाहीरपणे सांगितलं. इतक्या वर्षांनंतरही पैसे घेऊन हे शिकवणं बरोबर नाही. 'बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के' हा आकडाही तसाच. मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग भावना आणि पसंती-नापसंती व्यक्त करण्यापुरते होते, तेही सुट्या शब्दांवर. सुपरवायझरनं तो मनावर घेतला, तर तो आवाज कमावत बसेल आणि 'कुठला जॉब, किती नग, किती वाजेपर्यंत' हे सांगायचं राहील. शॉप फ्लोअरवर शब्दच तर चुकतात.

या दोन तासांत करण्यासारखं बरंच होतं आणि त्यासाठी परदेशी कंपन्यांच्या चित्रफिती लागत नव्हत्या. पंचवटीत, हॉलपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० ला तिथे दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. नेतृत्व बाबासाहेबांचं, पण गोलमेज परिषदांसाठी ते लंडनला असायचे आणि जागेवरचा भार दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी उचलायचे. ना सरकारी पद, ना पगार देण्याची ताकद, ना शिक्षा करण्याची. तरी माणसं उभी राहिली, मार खाऊन पुन्हा आली. बाबासाहेबांनी गायकवाडांना लिहिलेली पत्रं छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. दूर असलेला नेता काय स्वतः ठरवतो आणि काय जागेवरच्या माणसावर सोडतो, हे त्यातून वाचत गेलं तर नाशिकच्या माणसाला अधिकार सोपवण्याचा धडा आपल्याच मातीतून मिळेल.

आता दुसरा दिवस. त्याच्यासाठी ५,९०० रुपये द्यायला हरकत नाही.

सकाळी चिठ्ठ्यांचा खेळ असतो. चौघांची एक रांग: ऑपरेटर, सुपरवायझर, मॅनेजर, मालक. ऑपरेटरला एक कार्ड मिळतं. त्यावर चार ओळी असतात: '२५ मिमीचा शाफ्ट क्वालिटीच्या मायक्रोमीटरवर ०.०३ जादा. आमच्या गेजवर पास. १२ नग पुढे गेलेत. गेज काल रात्रपाळीत खाली पडलं होतं.' (गेज म्हणजे नगाचं माप तपासायचं साधन.) ऑपरेटरनं तोंडी सांगायचं, सुपरवायझरनं १५ शब्दांत चिठ्ठी लिहून पुढे द्यायची, मॅनेजरनं ती वाचून स्वतःची लिहायची. प्रत्येकाला दोन मिनिटं. खरी मेख पुढे आहे. अर्ध्या रांगांमधल्या वरिष्ठांना गुपचूप सांगितलेलं असतं की पहिला प्रश्न 'कुणाच्या हातून झालं?' हाच विचारायचा. उरलेल्यांनी विचारायचं, 'माल कुठवर गेलाय?'

पहिल्या प्रकारच्या रांगेत संवाद साधारण असा होतो. 'साहेब, शाफ्टमध्ये फरक येतोय.' 'कुणाच्या हातून झालं?' 'ते... बघतो साहेब.' सुपरवायझरच्या चिठ्ठीत येतं, 'शाफ्टमध्ये थोडा फरक, चेक करतोय.' मालकाच्या हातात पोचतं, 'शाफ्टचं किरकोळ, कंट्रोलमध्ये आहे.' दुसऱ्या प्रकारच्या रांगेत ०.०३ आणि १२ हे आकडे टिकतात आणि बहुतेक वेळा गेजची ओळही टिकते.

कार्ड आणि चिठ्ठ्या फळ्यावर ओळीनं चिकटवतात. सगळ्यात आधी गळते ती गेज पडल्याची ओळ, कारण तिच्यात कुणाचा तरी दोष दिसतो. आणि तीच ओळ सर्वांत महागाची असते. ती गेली की काम १२ नगांवर थांबतं: ते शोधले, बाजूला काढले, संपलं. प्रत्यक्षात रात्रपाळीत गेज पडल्यापासून त्यानं पास केलेला एकूण एक नग संशयित धरायला हवा. गेज ताबडतोब वापरातून काढायचं, त्यावर लाल टॅग लावायचा, मास्टरवर, म्हणजे प्रमाण मापावर, तपासायचं, कॅलिब्रेशनला पाठवायचं आणि तोवरचा माल दुसऱ्या गेजवर पुन्हा मोजायचा. 'कुणाच्या हातून?' हा प्रश्न चुकीचा नाही, तो आधी विचारणं महाग पडतं. माल अडवल्यावर, तासाभरानं, तोच प्रश्न विचारला तर उत्तरही खरं मिळतं.

खेळाची उणीव वेळेची. एक फेरी आणि चर्चा मिळून २५ मिनिटांत उरकतात. दुसऱ्या फेरीत भूमिका बदलून, म्हणजे मालकाला ऑपरेटर करून, तोच खेळ घ्यायला हवा आणि त्यासाठी किमान ४० मिनिटं लागतील. मालकानं खालच्या टोकाला उभं राहून एकदा 'बघतो साहेब' म्हटलं पाहिजे. त्याशिवाय हे त्याच्या अंगात उतरत नाही.

त्यानंतरचं सत्र 'अधिकाराच्या वही'चं. आठवडाभर लोक तुम्हाला जे जे विचारायला येतात ते सगळं लिहून काढायचं, अगदी हातमोजे काढू का, कुरियर आज पाठवू का इथपासून. प्रामाणिकपणे लिहिलं तर ३०-४० ओळी सहज होतात. प्रत्येक ओळीपुढे स्वतःला विचारायचं, मला विचारल्यामुळे हा निर्णय सुधारला का? बऱ्याच ओळींपुढे 'नाही' येतं. त्यातले फक्त तीन निर्णय निवडायचे आणि वहीत चार रकाने भरायचे: निर्णय कोणता, कुणाकडे, किती रकमेपर्यंत, कधी कळवायचं. कळवण्याच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत: 'विचारून कर', 'करून सांग', 'कर, सांगायची गरज नाही'. उदाहरणार्थ, २,००० रुपयांपर्यंतची किरकोळ खरेदी लाईन लीडरकडे, करून सांग. दोन ऑपरेटरनी आपसांत पाळी बदलणं, सांगायची गरज नाही. मुदत चार आठवडे, दर शुक्रवारी २० मिनिटं वही उघडून बोलायचं.

वही का फसते, यावर प्रशिक्षक मोकळेपणानं बोलतात. जबाबदारी दिली जाते पण सही दिली जात नाही, हे सर्वांत मोठं कारण. लाईन लीडर स्टोअरला जातो, स्टोअरकीपर म्हणतो साहेबांची सही आण, आणि पहिल्याच दिवशी वही कपाटात जाते. म्हणून अधिकार देताना स्टोअर, अकाउंट्स आणि गेटला लेखी कळवणं हा त्याच पायरीचा भाग आहे. दुसरं कारण, पहिल्या चुकीला अधिकार परत घेणं. २,००० च्या मर्यादेत ४०० रुपये वाया गेले, तर ती शिकवणीची फी धरायची. मर्यादा ठरवतानाच तेवढं नुकसान आपण मान्य केलेलं असतं. तिसरं, दिलेला निर्णय चारचौघांत फिरवणं. फिरवायचाच असेल तर त्या माणसाला बाजूला बोलवायचं आणि नवा निर्णय त्याच्याच तोंडून जाहीर होऊ द्यायचा. आमची एक भर: तीनपैकी एक निर्णय मशीन थांबवण्याचा असावा. टोयोटाच्या लाईनवर दोष दिसला की कामगाराला दोरी ओढून मदत मागता येते, आणि वेळेत सुटलं नाही तर लाईन थांबते. हे साऱ्या जगाला माहीत आहे. पण आपल्याकडे ऑपरेटरनं मशीन थांबवलं की पहिला प्रश्न 'कुणाला विचारून?' असतो. तो प्रश्न बंद झाला की वाईट बातमीचा वेग त्याच आठवड्यात वाढतो.

बचत गटासाठी वहीचं वेगळं रूप सांगितलं. पासबुक एकाच घरात राहतं, सह्या त्याच दोघींच्या, हिशेब एकीच्या डोक्यात. उपाय साधा: दर मासिक बैठकीत पासबुकातल्या नोंदी मोठ्यानं वाचायच्या, वाचणारी दर महिन्याला वेगळी, आणि पदाधिकारी ठरावीक मुदतीनं बदलायचे. ताई कितीही सचोटीच्या असोत, माहितीचा अधिकार एकीकडे साचला की बाकीच्या विचारायच्या थांबतात. शेतकरी कंपन्यांच्या संचालकांसाठी मात्र फारसं काही नव्हतं. प्रतवारीत कुणाचा माल नाकारायचा, आणि तो माल संचालकाच्या भावकीतला असेल तर काय करायचं, हा खरा पेच कुणी मांडला नाही.

रागावण्याचं सत्र थोडक्यात पण नेटकं. त्याच दिवशी, बाजूला घेऊन, माणसाबद्दल न बोलता कामाबद्दल, आणि आधी कारण विचारून. 'तू नेहमीच असं करतोस' याऐवजी 'आज ७ च्या पाळीला ७:२५ ला आलास, काय झालं?' यात कायद्याचा भाग मात्र पूर्ण सुटला, आणि ही गंभीर उणीव आहे. मनाला येईल तो दंड पगारातून कापायचा अधिकार सुपरवायझरला नाही. दंड ठरवून जाहीर केलेल्या कसुरींसाठीच लागतो, कामगाराला कारण सांगायची संधी आधी द्यावी लागते, रक्कम त्या पगार-काळातल्या वेतनाच्या ३ टक्क्यांहून जास्त होऊ शकत नाही, आणि जमा झालेला दंड कामगारांच्या हितासाठीच वापरायचा असतो. १५,००० पगारावर ही मर्यादा महिन्याला ४५० रुपये होते. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात.

त्याहून मोठी गैरहजेरी महिलांच्या सुरक्षिततेच्या विषयाची. अधिकाराच्या गैरवापरावर दोन दिवस बोलायचं आणि लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचा उल्लेखही करायचा नाही, हे चालणार नाही. १० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते. तिच्या अध्यक्षा त्याच ठिकाणच्या वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक बाहेरचा सदस्य. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. पॅकिंग आणि असेंब्लीच्या लाईनवर काम करणाऱ्या मुली रात्री कुणाच्या गाडीतून घरी जातात, ओव्हरटाईमची यादी कोण करतं, तिथेच तर अधिकार वापरला जातो.

छापील वहीत २१ दिवसांची रोजनिशी आहे, '२१ दिवसांत सवय लागते' या वाक्यासह. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या, ९६ जणांनी भाग घेतलेल्या २०१० मधल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला आणि मधला आकडा ६६ होता. २१ दिवसांनी सवय लागली नाही म्हणून माणूस स्वतःला दोष देतो आणि वही सोडतो. रोजनिशीतला प्रश्न मात्र उत्तम आहे: 'आज मला नको असलेली कोणती गोष्ट कुणी सांगितली, आणि माझं पहिलं वाक्य काय होतं?' ते पान झेरॉक्स करून दोन-तीन महिने चालवावं. सलग चार दिवस पान कोरं राहिलं, तर सगळं आलबेल आहे असं समजू नये. लोक सांगायचे थांबले असण्याची शक्यता जास्त.

महिन्यानंतरचा व्हिडिओ कॉल नावापुरता आहे. २४ जण, ४५ मिनिटं, म्हणजे माणशी दोन मिनिटंही येत नाहीत. सहा-सहांचे चार गट केले तर त्याच पैशांत उपयोग होईल. हॉल स्वच्छ, आवाज नीट, जेवण साधं आणि वेळेवर. पार्किंग दुचाकीला पुरतं, चारचाकी घेऊन जाऊ नये. प्रशिक्षकांची मराठी कारखान्यातली आहे, पुस्तकी नाही, याचा फार फायदा होतो.

पाठवायचं असेल तर एकाच युनिटमधून दोघांना पाठवावं, सुपरवायझर आणि त्याचा वरिष्ठ. एकट्या सुपरवायझरला पाठवणं म्हणजे त्याला अडचणीत टाकणं: तो वही घेऊन येतो, आणि 'माल कुठवर गेलाय?' हा प्रश्न फक्त त्यालाच माहीत असतो, वरून अजून 'कुणाच्या हातून?' हेच येतं. ज्या मालकांना स्वतः यायला वेळ नाही त्यांनी हे पैसे खर्च करू नयेत. नावं नोंदवण्यापूर्वी फोनवर एवढं विचारा: चिठ्ठ्यांच्या खेळाला किती मिनिटं देता, आणि दुसऱ्या फेरीत मालकाला ऑपरेटरच्या जागी उभं करता का?